कुत्रीचं माहेर

"मामा लागतो तो तिचा! सख्खा मामा! अरे, लावायच्या आधी काही विचारपूस करायची का न्हाई?"

दौंडच्या रेल्वे वसाहतीमागं एका बैठ्या घराच्या ओट्यावर सिस्टर ओरडत होत्या. त्या ओरडल्यामुळं जंक्शनात काय काय झालं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. सिग्नल हिरवा असून एक मालगाडी जागच्या जागी उभी राहिली. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग आपोआप सरळ झाली. रविवार असून लोको शेडचा भोंगा वाजला, असंही म्हणणारे लोक मला नंतर भेटले. मी मात्र पायरीवरच उभा होतो. हातात वेताची करंडी, आणि करंडीत माझी कुत्री. पांढरीशुभ्र, झुबकेदार, पामेरियन जातीची, वय महिने दहा. आणि गाभण.

सिस्टर म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातनं निवृत्त झालेल्या नर्सबाई. उभा जन्म बाळंतपणं करण्यात गेलेला. दौंडमधली निम्मी माणसं जन्मल्यावर पहिल्यांदा त्यांच्या हातात रडली होती, उरलेली निम्मी पुढं कधीतरी त्यांना घाबरून. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी पामेरियन पाळले, आणि माणसांच्या बाळंतपणात होती तीच शिस्त कुत्र्यांना लावली. माझी कुत्री त्यांच्याच घरातली.

ओरडण्याआधी त्यांनी अगदी गोड आवाजात चौकशी केली होती.

"कुणाचा कुत्रा लावला?"

"शिरूरच्या कापडवाल्या शेठजींचा," मी छाती काढून म्हणालो. अख्ख्या शिरुरात तेवढा एकच पामेरियन होता आणि तो मी शोधून काढला होता.

"डावा कान मोडका?"

"होय!"

"शेपटीच्या बुडाशी पिवळा डाग?"

"आहे की! तुम्हाला कसं ठाऊक?"

"कसं म्हंजी? ह्याच ओट्यावर जन्मलाय तो. हिच्या आईसंगं, एकाच वेताला!"

आणि मग तो मामा सगळ्या दौंडला ऐकू गेला.

अशा वेळी आमच्या आईनं गप्प बसावं की नाही? ती माझ्या शेजारीच उभी होती, छातीशी पितळी डबा धरून. तिला वाटलं, बाईंना रीतभात ठाऊक नाही, आपण समजावून सांगावी. ती म्हणाली, "मग काय बिघडलं सिस्टरबाई? आमच्यात मामाची लेक करत्यातच की. मी तरी कोण? ह्याच्या बापाच्या मामाचीच पोरगी. चांगलं तीस वरीस निभावलं."

"आक्का, मामाची लेक निराळी आन् मामा निराळा!"

आईनं मनातल्या मनात दोन्ही घरची माणसं मांडून बघितली असावीत. "ते बी खरंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू तिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

"आन् डब्यात काय हाय?"

"डिंकाचे लाडू. तिच्यापुरतेच आणलेत."

सिस्टरांनी कुत्री करंडीतून उचलली आणि तान्ह्या मुलांच्या वजनकाट्यावर ठेवली. निवृत्तीच्या वेळी बरोबरच्या नर्सांनी त्यांना तो भेट दिला होता. त्या काट्यावर आजवर दौंडची हजारो बाळं पडली असतील, पण त्यानं असा हिसका कधी खाल्ला नसेल. काटा फिरला तो फिरतच राहिला. सिस्टर म्हणाल्या, "ही कुत्री हाय का रांजण?"

आता मी असा शहाणपणा केला कसा, ते सांगायला हवं. मी शिरूरला गुरांच्या दवाखान्यात शिपाई होतो. शिपाई म्हटलं तरी डॉक्टर दौऱ्यावर असले की मीच निम्मा डॉक्टर. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, लोक पुन्हा गाई घेत होते, आणि माझ्या हाताखालनं इतक्या गाई गेल्या होत्या की गाईंनी मला नावानं ओळखावं. गुरांचं शास्त्र सोपं असतं. गाय माजावर आली की वळूकडं नेऊन भरवायची, माज चुकवायचा नाही. गाभण राहिली की खुराक वाढवायचा. कुत्री म्हणजे चार पायांचीच, तेव्हा हिशेब तोच, असं मी धरून चाललो. आणि घरी आईचं शास्त्र वेगळंच. लेक पहिलटकरीण आहे म्हटल्यावर तिनं सकाळ-संध्याकाळ लाडू, दुपारी हाळिवाची खीर, आणि कुत्रीनं तोंड फिरवलं तर मांडीवर घेऊन भरवणं असा सपाटा लावला. त्या दीड महिन्यात कुत्री शिरूरच्या रस्त्यानं चालली तर लोक बाजूला होत.

सिस्टरांनी मला कुत्री सहजासहजी दिली नव्हती. सात रविवार मला ओट्यावर बसवून ठेवलं. एका रविवारी कान साफ करायला लावले, एका रविवारी नखं कापायला, एका रविवारी काहीच नाही, नुसतं बसायचं आणि पिल्लं काय करतात ते बघायचं. सातव्या रविवारी पिल्लू हातात देताना दोन अटी घातल्या. पहिले दोन माज सोडून द्यायचे, ती पुरती वाढू द्यायची. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे दौंडला, त्यांच्या घरी. त्यातली दुसरी अट मी पाळली होती, म्हणून तर आलो होतो. दोनांपैकी एक म्हणजे पन्नास टक्के. पस्तिसाला पास करणाऱ्या शाळेत शिकलेला माणूस मी, मला तर वाटलं होतं शाबासकी मिळेल.

सिस्टर कुत्रीच्या पोटावरनं हात फिरवत होत्या. ओरडणं थांबलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

"हाडं अजून कवळी हायेत हिची," त्या म्हणाल्या. "पिल्लं मोठी झालीत. वाट लहान. माझ्या हातनं सुटली तर सुटली. कुत्री आता हितंच ऱ्हाईल. जगली तर तुला परत द्यायची का न्हाई, ते मी नंतर ठरवीन."

कुत्री काट्यावरनं माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, आपण फिरायला आलोय.

"मग मी बी हितंच ऱ्हाते," आई म्हणाली. "लेकीचं पहिलं बाळंतपण. आई नको?"

सिस्टरांनी डबा तिच्या हातातनं घेतला आणि फळीवर सगळ्यांत वर ठेवला. तिथं आईचा हात पोचत नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मी शिरूर-दौंड इतक्या वेळा केलं की यष्टीचे कंडक्टर मला तिकीट विचारायचे नाहीत, कुत्री कशी आहे तेच विचारायचे. डॉक्टरांकडनं मी सगळी शिल्लक रजा मागून घेतली. सिस्टर मला शिकवत होत्या असं मला तेव्हा वाटलं नाही, मला वाटायचं शिक्षा चालू आहे. सकाळ-संध्याकाळ कुत्रीला अंगणात चालवायचं, पळू द्यायचं नाही. उकडलेलं मांस नि भात, मुठीएवढा, दिवसातनं चारदा. बाळंतपणासाठी लाकडी खोकं मीच केलं. कडेनं आतल्या बाजूला पट्टी ठोकली, म्हणजे कुत्री कुशीवर झाली तरी पिल्लू भिंतीला चेंगरत नाही. गुरांना असलं काही लागत नाही. मी तीनदा ती पट्टी चुकीच्या उंचीवर ठोकली आणि तीनदा सिस्टरांनी ती उपटली.

थर्मामीटर हे माझं खातं. कुत्रीचं अंग माणसापेक्षा गरम असतं, पण व्यायच्या आदल्या दिवशी पारा एकदम खाली येतो. तो आला की चोवीस तासांच्या आत. तो पारा मी दिवसातनं दोनदा बघायचा होता. मी वीसदा बघितला. शेवटी कुत्री मला बघितलं की खाली बसायची आणि उठायचीच नाही.

आई आणि सिस्टर यांचं काय जमलं होतं ते देव जाणे. दिवसभर भांडायच्या. आई म्हणायची शेगडी हवी, ओव्याची धुरी हवी. सिस्टर म्हणायच्या खिडकी उघडी हवी. आई खिडकी लावायची, सिस्टर उघडायच्या. मला वाटतं त्या खिडकीच्या बिजागऱ्या त्या पंधरवड्यातच झिजल्या असतील. पण दुपारी दोघी ओट्यावर बसून दौंडमधल्या कोणाचं बाळंतपण कसं अडलं होतं त्याच्या गोष्टी सांगत, आणि त्या इतक्या भयंकर असत की समोरच्या घरातल्या नव्या सुनेनं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

एका शनिवारी संध्याकाळी पारा उतरला. रविवारी सकाळी अकरा वाजता कुत्रीनं खोक्यातले जुन्या लुगड्याचे तुकडे पायानं उकरायला सुरुवात केली. बारा वाजता कळा लागल्या. एक वाजला तरी काही नाही. कुत्री धापा टाकत होती आणि मधूनच माझा हात चाटत होती, जणू कळा मलाच येत होत्या.

"अडलंय," सिस्टर म्हणाल्या.

आता अडलेली गाय मला ठाऊक होती. दोर बांधायचा, चार गडी लावायचे, आणि एकदम जोर. मी गडबडीनं उठून पडद्याची दोरी सोडायला लागलो.

"काय करतोयस?"

"दोरी..."

"ती तुझ्या गळ्यात बांधीन. हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. बस हितं."

त्यांनी माझी बोटं आपल्या बोटांवर ठेवून घेतली. माझे हात म्हणजे काय, गाईच्या पायांना दावं लावणारे हात, आणि ते पिल्लू ओल्या साबणाच्या वडीसारखं. "कळ आली की खाली, तिच्या पायांकडं. कळ गेली की थांब. तू न्हाई काढायचं, ती काढतीये. तू फक्त सोबत." एक कळ. थांबा. दुसरी. थांबा. मी आयुष्यात इतकं थांबलो नव्हतो. थांबणं हेही काम असतं, हे मला गुरांच्या दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या कळेला पिल्लू बाहेर आलं. उंदराएवढं असायला हवं होतं, पण लाडवांच्या कृपेनं घुशीएवढं होतं. आणि हलत नव्हतं.

सिस्टरांनी त्याच्यावरची पिशवी फाडली, तोंडात करंगळी घालून चिकटा काढला, टॉवेलात धरून चोळायला लागल्या. पिल्लू लोंबकळत राहिलं. तेवढ्यात माझ्या कानाशी असा आवाज झाला की छपराची कौलं हलली. आईनं स्वयंपाकघरातली काशाची थाळी आणली होती आणि ती लाटण्यानं बडवत होती. आमच्याकडं मूल रडलं नाही की थाळी वाजवतात. घण! घण! घण! शेजारचे लोक दारात आले. कुत्रीनं मान वर केली.

पिल्लानं तोंड उघडलं आणि चीं केलं.

"बघा!" आई म्हणाली.

"आक्का, मी चोळलं म्हणून आलं ते! कुत्र्याच्या पिल्लाचे कान दोन हप्ते बंद असत्यात. त्याला ऐकूच येत न्हाई!"

"ऐकू येत न्हाई, मग जागं कसं झालं?"

हा वाद पुढं कधीच मिटला नाही. पण दुसरं पिल्लू यायच्या वेळी सिस्टरांनी चोळायला टॉवेल हातात घेतला आणि आईकडं न बघता म्हणाल्या, "थाळी जवळ ठेवा." तीन वाजेपर्यंत तीन पिल्लं झाली. तीनदा थाळी वाजली. दौंडमध्ये त्या दिवशी निदान शंभर लोकांनी विचारलं असेल, कोणाला मुलगा झाला.

तिसरं पिल्लू लहान होतं. दुसऱ्या दिवशी ते प्यायला लागलं की दूध नाकातनं बाहेर येऊ लागलं. सिस्टरांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं. टाळू फाटलेली होती. नळीनं दूध देऊन बघितलं. चौथ्या दिवशी ते गेलं. मी वाट बघत होतो की आता त्या पुन्हा ओरडतील, मामा म्हणतील. त्यांनी नुसतं फावडं माझ्या हातात दिलं. मी अंगणाच्या कडेला, कण्हेरीखाली, लहानसा खड्डा केला. अमुक एवढा मोठा, तमुक एवढा खोल, असं काही त्याबद्दल मला वाढवून सांगता येत नाही. वीतभर होता.

मग मी न सांगता एक काम केलं. शिरूरला जाऊन कापडवाल्या शेठजींना गाठलं आणि म्हणालो, तुमच्या कुत्र्याकडं कुणी मादी घेऊन आलं, तर आधी दौंडच्या सिस्टरांना कार्ड टाका, ती कोणाची कोण ते विचारा. शेठजी म्हणाले, "आम्ही पोरीच्या लग्नात एवढं बघितलं न्हाई!" पण पाठवलं बरं का त्यांनी कार्ड पुढं. एकदा नव्हे, दोनदा.

पिल्लं महिन्याची झाली, पळायला लागली, आईच्या लुगड्याचे पदर कुरतडायला लागली. मादी सिस्टरांनी स्वतःच एका तिकीट कलेक्टरच्या घरी द्यायची ठरवली. "नराचं स्थळ तू बघ," मला म्हणाल्या. "बघू या काय उजेड पाडतोस." आणि कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यावरनं मला कळलं. माझी कुत्री मला परत मिळणार की नाही, ते या पिल्लाच्या घरावर अवलंबून होतं.

पहिलं स्थळ आपोआप चालत आलं. चालत कसलं, जीपमधनं. आमचं मूळ गाव भीमेकाठचं, वडगाव रासाई. तिथले एक आप्पा, मोठे बागायतदार, सोसायटीत शब्द वजनदार; आप्पांनी खाकरलं तरी गावात लोक त्याचा अर्थ लावत बसायचे. ते दवाखान्याच्या दारात जीप लावून म्हणाले, "तुझ्याकडं विलायती कुत्रं हाय म्हणं. देऊन टाक. नदीवरच्या मोटरीपाशी बांधतो. चोरटे लई झालेत."

"आप्पा, ते एवढंसं असतं," मी हातानं दाखवलं.

"वाढंल की."

"वाढून एवढंसं."

आप्पांनी माझ्या दोन हातांमधलं अंतर बघितलं. "भुंकतं का?"

"भुंकतं. पण मे महिन्यात नदीवर बांधलं तर दोन दिवसांत मरंल. एवढे केस असतात. घरातच झोपायला लागतं. आणि रोज केस विंचरायचे."

"रोज?" आप्पा हसले, आणि जीपमधले दोघे हसायचं म्हणून हसले. "लेका, माझ्या मंडळीला स्वतःचे केस विंचरायला सवड न्हाई. कुत्र्याची येणी घालायला काय बाई ठेवू?"

आता आप्पांना नाही म्हणणं म्हणजे गावच्या जत्रेला जायचं बंद करणं. मला वीतभर खड्डा आठवला. "न्हाई आप्पा," मी म्हणालो, "तुमच्याकडं न्हाई देता यायचं."

आप्पांनी सगळ्या वडगावात सांगितलं की ह्याचं डोकं गेलंय, हा कुत्र्याची सोयरीक जमवत फिरतोय. आणि खोटं नव्हतं ते. मी आणि आई खरंच स्थळं बघत फिरत होतो. आईनं ठणकावून सांगितलं होतं, घर बघितल्याशिवाय पोर द्यायचं नाही. चार घरं बघितली. एका घरी लहान मुलानं पिल्लाची शेपटी हँडलसारखी फिरवली. एका घरी पोहे उत्तम होते, पण अंगणाला कुंपण नाही, आणि समोर ट्रकचा रस्ता. आईला पोह्यांवरनं मोह झाला होता. मी तिला ओढून आणलं. एका घरी म्हणाले, मोठा झाला की त्याच्यापासनं पिल्लं काढू, धंदा करू. मी उठलो. मामा-भाचीच्या पोटचं पोर ते, त्याचा वेल पुढं वाढवायचा नव्हता, हे मी एव्हाना कुणी न सांगता शिकलो होतो. आणि शेवटी तळेगाव ढमढेऱ्याला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. गार फरशीचं घर, कुंपण, दारात कडुनिंब. मास्तरीणबाईंनी पिल्लाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "ह्याला काय आवडत नाही?" आधीच्या तिन्ही घरांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं मला कोपरानं ढोसलं. आठ आठवडे भरल्यावर पिल्लू तिकडं गेलं. महिनाभरानं मी न कळवता जाऊन बघून आलो. तो पलंगाखाली झोपला होता, आणि पलंगावर झोपायची परवानगी आहे हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

मग मी दौंडला गेलो. आई पुन्हा तिथंच मुक्कामाला गेली होती. तिचं आणि सिस्टरांचं खिडकीवरनं अजून चालू होतं. ओट्यावर सिस्टर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि कुत्री त्यांच्या पायाशी. अंगावर पुन्हा मूठभर झाली होती, केस नवे आले होते. मला बघून ती उठली, आणि एकदम थांबून सिस्टरांकडं बघितलं.

मी यष्टीत अख्खं भाषण पाठ करून आलो होतो. उभ्या उभ्या म्हटलं. पुढचे दोन माज सोडणार. पुढं कधी लावलीच तर आधी तुम्हाला विचारणार, आणि सात पिढ्या बघून लावणार. लाडू नाही, खीर नाही. जे घर आवडणार नाही त्या घराला, ते आप्पांचं असो नाहीतर कलेक्टरचं असो, पिल्लू नाही. दिलेल्या घरी ते सांभाळता आलं नाही तर त्यांनी ते मला परत आणून द्यायचं, तसं मास्तरांकडनं कबूल करून घेतलंय. आणि एक मेलं, ते माझ्यामुळं. भाषणात हे शेवटचं नव्हतं. ते तोंडातनं आपोआप बाहेर पडलं.

सिस्टर तांदूळ निवडत राहिल्या. आई दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तेवढ्या वेळात दौंड जंक्शनातनं निदान चाळीस गाड्या गेल्या असतील.

"मग सिस्टर," मी म्हणालो, "नेऊ का तिला?"

त्यांनी सुपातला एक खडा चिमटीत धरून अंगणात टाकला.

"चारच्या यष्टीला गर्दी असते," त्या म्हणाल्या. "पाचच्या यष्टीनं जा."